स्नोमोबाइलचा भार कुठे बसतो : वळण आणि वेग हाताशी आणण्याची पद्धत

हँडल वळवले तरी स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे रबरी ट्रॅकचा पट्टा असलेले बर्फावरचे वाहन) वळणाच्या बाहेरच्या कडेकडे घसरत जाते आणि थ्रॉटल दाबताच तिचे नाक वर उठते, अशा दोन तक्रारी एकच चालक पुष्कळदा एकाच दिवशी करतो, पण त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. पहिलीसाठी तो नव्या स्की किंवा स्कीच्या तळाला बसणारी नवी कार्बाइड (अतिकठीण धातूची) पाती घेतो, दुसरीसाठी क्लचची जुळणी बदलतो, आणि एवढा खर्च होऊनही दोन्ही तक्रारी थोड्याफार फरकाने तशाच राहतात. दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते. यंत्राचा आणि चालकाचा मिळून होणारा भार हवा तिथे नसतो, किंवा यंत्र उभे असताना तिथे असतो आणि थ्रॉटल दाबल्यावर तिथे टिकत नाही. ही दोन निदाने वेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि पुढे सांगितलेली सगळी जुळणी या फरकावर उभी आहे.

आधार तीन असतात

मोटारीच्या बाबतीत वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर विभागले आहे असे म्हणून भागते, कारण चाके जमिनीला जिथे टेकतात ती जागा बदलत नाही. स्नोमोबाइलच्या ट्रॅकचे तसे नसते. ट्रॅक बर्फावर लांबलचक पसरलेला असतो आणि त्याच्यावरच्या भाराचे केंद्र क्षणोक्षणी पुढे-मागे सरकत असते. ट्रॅकच्या आतील दोन रेल यंत्राच्या सांगाड्याला, म्हणजे टनेलला, दोन आर्मनी जोडलेल्या असतात, आणि प्रत्येक आर्मला स्वतःची स्प्रिंग व शॉक (धक्का शोषणारा नळा) असतो. म्हणून भार दोन नव्हे, तीन ठिकाणी उतरतो असे समजावे : स्की, पुढचा आर्म आणि मागचा आर्म.

या तिघांत पुढचा आर्म सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान मुलांच्या सी-सॉच्या फळीखाली जसा टेकू असतो, तसा तो यंत्राच्या पोटाखाली असतो. हा टेकू जोरात वर रेटला तर स्की हलक्या होतात. तो सैल सोडला तर नाक खाली बसते आणि स्कीवरचा भार वाढतो. स्कीवर भार हवा म्हणून स्कीच्याच स्प्रिंगा आवळत बसणारा चालक पुष्कळदा सी-सॉच्या टोकाशी झगडत असतो आणि टेकूकडे पाहत नाही.

यंत्रे घडवणाऱ्यांनाही भाराची योग्य जागा सापडायला वेळ लागला. सुरुवातीच्या काळातील पोलारिस या कंपनीच्या यंत्रांत इंजिन चालकाच्या मागे असे, तर १९५९ मध्ये आलेल्या स्की-डूमध्ये ते पुढे होते, आणि पुढे इंजिन ठेवण्याची पद्धतच शेवटी रूढ झाली. दुसरे मोठे वळण स्की-डूनेच २००३ या मॉडेल वर्षात ‘रेव्ह’ या नव्या चौकटीने घेतले. तोवर चालक मागे बसून पाय पुढे पसरत असे. रेव्हमध्ये तो पुढे, यंत्राच्या मध्याजवळ आला आणि त्याचे पाय गुडघ्यांखाली आले. नंतरच्या काळात इतर उत्पादकही त्याच दिशेने गेले. त्या बदलाची खुबी अशी की एकूण वजनाचा सर्वांत मोठा हलता भाग, म्हणजे खुद्द चालक, यंत्राच्या मध्याजवळ आणला गेला.

कामापुरते गणित

पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्या यंत्राचे आकडे आपण मोजूनच घ्यावेत. इंधनासह यंत्र २३५ किलो आणि संपूर्ण पोशाखातील चालक ८५ किलो, असे एकूण ३२० किलो समजू. त्यापैकी स्कींवर मिळून ८५ किलो आणि ट्रॅकवर २३५ किलो आहेत. स्की जिथे टेकतात तिथपासून ट्रॅकवरच्या भाराच्या केंद्रापर्यंतचे अंतर १.७ मीटर आणि एकूण गुरुत्वमध्याची बर्फापासूनची उंची ०.६ मीटर धरू.

वेग घेताना स्कीवरून ट्रॅककडे सरकणारा भार काढणे सोपे आहे. एकूण वजनाला त्वरणाने (गुरुत्वाकर्षणाच्या पटींत) गुणावे, मग गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणावे आणि आधारांमधील अंतराने भागावे. गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट त्वरण घेतले, म्हणजे साधारण सव्वाचार सेकंदांत ताशी ६० किलोमीटर गाठणारे, तर ४५ किलो भार मागे जातो. स्कीवर ८५ होते, ४० उरले. त्वरण ०.७५ पटींवर गेले की सरकणारा भार ८५ किलो होतो, म्हणजे स्की बर्फ सोडतात. ब्रेक लावताना हेच उलट घडते, आणि ०.४ पट तीव्रतेने वेग कमी केला तर स्कीवर १३० किलो येतात.

चढावर मात्र वेग न वाढवताही भार मागे जातो, आणि ही गोष्ट नवख्या चालकांच्या लक्षात येत नाही. ३० अंशांच्या चढावर एकसारख्या वेगाने जाताना आपल्या उदाहरणातील स्कीवर केवळ १७ किलोंच्या आसपास भार उरतो. त्या स्थितीत थोडा जरी थ्रॉटल वाढवला तरी नाक उठते. म्हणूनच डोंगरी यंत्रांचे ट्रॅक लांब असतात. सपाट मार्गाच्या यंत्राचा ट्रॅक १२० ते १३७ इंचांचा असतो, तर डोंगरी यंत्राचा १५४, १६५ किंवा १७५ इंचांपर्यंत जातो (हे आकडे ट्रॅकच्या संपूर्ण परिघाचे आहेत, बर्फाला टेकणाऱ्या भागाचे नव्हेत). लांब ट्रॅकमुळे भाराचे केंद्र मागे जाते, आधारांमधील अंतर वाढते आणि नाक उठायला जास्त जोर लागतो.

पहिली पायरी : आधी दोष काढा

झिजलेल्या कार्बाइडचे यंत्र कितीही जुळवले तरी वळणार नाही. पात्याची धार बोटाने चाचपून पाहावी. ती गोल झाली असेल तर पाते बदलावे. स्की एकमेकींना समांतर, किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुढच्या टोकाशी काही मिलिमीटर बाहेर उघडलेल्या असाव्यात. ट्रॅकचा ताण व सरळपणा पुस्तिकेप्रमाणे असावा, शॉकमधून तेल गळत नसावे आणि सस्पेन्शनचे सांधे ग्रीस देऊन मोकळे केलेले असावेत. यापुढे जाण्यापूर्वी सध्याची प्रत्येक जुळणी वहीत लिहून ठेवावी : स्प्रिंगच्या कड्याखाली किती आटे दिसतात, लिमिटर पट्टी (पुढच्या आर्मचे उघडणे रोखणारा पट्टा) कितव्या भोकात आहे, मागच्या स्प्रिंगचा ठोकळा कोणत्या बाजूवर आहे. परत येण्याची वाट ठाऊक नसेल तर निघूच नये.

दुसरी पायरी : भार मोजा

यासाठी घरात माणसाचे वजन करण्याचे चार साधे काटे पुरतात. सपाट, पक्क्या जमिनीवर दोन काटे दोन्ही स्कींच्या बोल्टच्या बरोबर खाली ठेवावेत. उरलेल्या दोन काट्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांतली एक पुढच्या आर्मच्या आणि दुसरी मागच्या आर्मच्या रेषेत ट्रॅकखाली घ्यावी. चारही आधारांची उंची सारखी असणे अत्यावश्यक आहे. एक काटा दोन सेंटीमीटर वर असला तरी आकडे खोटे येतात. टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालक हेल्मेट, बूट व पाठपिशवीसह नेहमीच्या बैठकीत असावा. सांध्यांमधील घर्षणामुळे यंत्र प्रत्येक वेळी थोडे वेगळे बसते, म्हणून चालकाने दोनतीन वेळा खालीवर दाब द्यावा, मदतनीसाने आकडे वाचावेत, आणि असे तीनदा करून सरासरी घ्यावी.

ट्रॅकचे रबर भार पसरवत असल्याने मागच्या दोन काट्यांचे आकडे तंतोतंत धरू नयेत, पण जुळणी बदलल्यानंतर त्यांत पडणारा फरक मात्र विश्वसनीय असतो. मोजायचा आहे तो फरकच. स्कीवर अमुक टक्के भार असावा असा एक आदर्श आकडा शोधत बसणे माझ्या मते व्यर्थ आहे, कारण कडक मार्गावर जो आकडा उत्तम ठरतो तोच भुसभुशीत बर्फात नाक बुडवतो.

तिसरी पायरी : मागची बैठक

सगळ्या जुळणीचा पाया मागच्या स्प्रिंगा आहेत, कारण त्या चुकीच्या असतील तर पुढचे प्रत्येक मोजमाप वाकड्या जमिनीवर केल्यासारखे होते. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण ताणले जाऊ द्यावे आणि बंपरची जमिनीपासूनची उंची मोजावी. नंतर चालकाला बसवून, यंत्र हलवून स्थिरावू द्यावे आणि पुन्हा मोजावे. समजा आधी ६२ सेंटीमीटर होते आणि आता ५३ आहेत, तर यंत्र ९ सेंटीमीटर बसले; वजनाने असे खाली बसणे म्हणजेच बैठक. बंपरपाशी एकूण हालचाल ३३ सेंटीमीटर असेल तर ही बैठक २७ टक्के झाली. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढी बैठक बहुतेक चालकांना सोयीची पडते.

बैठक यापेक्षा जास्त असेल तर यंत्र उभे असतानाच नाक वर असते आणि स्की हलक्या असतात. थ्रॉटल दाबण्यापूर्वीच निम्मी लढाई हरलेली असते. ती फार कमी असेल तर मागचा भाग उंच राहतो, स्कीवर गरजेपेक्षा जास्त भार येतो आणि खड्ड्यांवर मागून लाथ बसल्यासारखा धक्का जाणवतो. मागच्या टॉर्शन (पिळाने ताण घेणाऱ्या) स्प्रिंगच्या टोकाखालील ठोकळा फिरवून ताण बदलता येतो. दोन्ही बाजू नेहमी सारख्या ठेवाव्यात, आणि सर्वांत कडक स्थितीतही बैठक जास्तच येत असेल तर अधिक जाड तारेची स्प्रिंग घ्यावी. वजनदार चालकांनी ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये. कारखान्यातून आलेली स्प्रिंग एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी निवडलेली असते, आणि तो माणूस आपण असण्याचे काही कारण नाही.

चौथी पायरी : स्कीच्या स्प्रिंगा

यांचा ताण गरजेपुरताच ठेवावा. ताण वाढवला की स्कीवरचा भार काहीसा वाढतो आणि वळणात यंत्र कमी झुकते, पण स्टिअरिंग जड होते, नाक उंचावते आणि भुसभुशीत बर्फात यंत्र एका बाजूवर कलवणे कठीण जाते. एका वेळी कड्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा जास्त बदल करू नये, आणि डावे-उजवे आटे मोजून सारखे ठेवावेत.

पाचवी पायरी : पुढचा आर्म आणि लिमिटर पट्टी

पुढच्या आर्मजवळ दोन जुळण्या असतात आणि त्यांची कामे एकच आहेत असा सर्वत्र गैरसमज दिसतो. पुढच्या आर्मची स्प्रिंग टेकूचा जोर ठरवते. तिचा ताण वाढवला की टेकू वर रेटतो आणि स्कीवरचा भार कमी होतो. ताण कमी केला की स्कीवरचा भार वाढतो. हा परिणाम थ्रॉटल बंद असतानाही, यंत्र उभे असतानाही असतो. लिमिटर पट्टी मात्र पुढचा आर्म किती खालपर्यंत उघडू शकतो एवढेच ठरवते. थ्रॉटल दाबल्यावर भार मागे सरकतो, नाक उठू लागते आणि आर्म उघडत जातो. पट्टी ताठ झाली की उघडणे थांबते आणि नाक अजून वर जायचे असेल तर त्याला रेलचे पुढचे टोकही सोबत उचलावे लागते, जे बरेच कठीण असते. पट्टी आखूड केली तर हा अटकाव लवकर येतो आणि वेग घेताना स्की खाली राहतात. लांब केली तर भार मोकळेपणी मागे जातो.

थोडक्यात, स्प्रिंग स्थिर भार ठरवते आणि पट्टी भाराचे स्थलांतर आवरते. यावरून निदानाची एक सरळ पद्धत निघते. वळणात शिरताना, थ्रॉटल बंद असताना यंत्र बाहेर घसरत असेल तर पुढच्या आर्मची स्प्रिंग थोडी सैल करावी. शिरताना यंत्र नीट वळत असेल आणि बाहेर पडताना, थ्रॉटल उघडल्यावर घसरत असेल, तर पट्टी एक भोक आखूड करावी.

हे निदान मनाच्या भरवशावर करू नये; ते बर्फावर लिहिलेले असते. रात्रीत गोठून कडक झालेल्या बर्फावर एकच रुंद वळण नेहमीच्या वेगाने घ्यावे, यंत्र बाजूला थांबवावे आणि चालत मागे यावे. बाहेरच्या स्कीच्या कार्बाइडने कापलेली रेघ खाली वाकून पाहावी. भार पुरेसा असेल तिथे ती अरुंद, खोल आणि स्वच्छ कडांची असते, जणू पट्टी धरून चाकूने ओढलेली. भार कमी पडतो तिथे तीच रेघ रुंद, उथळ आणि एका बाजूला खरवडलेली होते, आणि तिच्या बाहेरच्या कडेला भुगा साचतो. रेघ वळणाच्या सुरुवातीपासूनच खरवडलेली असेल तर दोष स्थिर भारात आहे. ती मध्यापर्यंत स्वच्छ असून ट्रॅकच्या खुणा जिथून खोल होऊ लागतात बरोबर तिथूनच बिघडत असेल, तर थ्रॉटलने भार पळवला असे समजावे.

मी स्वतः सुरुवातीला पट्टी दोन भोके आखूड केली आणि त्याच वेळी पुढची स्प्रिंगही सैल केली. यंत्र वळू लागले खरे, पण दुपारपर्यंत मनगटे भरून आली, आणि आधीच्या यंत्रांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत स्की आपोआप शिरू लागल्या. कोणत्या बदलाने किती बिघडले हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून दोन्ही बदल मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एका वेळी एकच बदल हा नियम मी त्या दिवशी शिकलो. पट्टी फार आखूड केल्याचा आणखी एक तोटा असा की पुढच्या आर्मची हालचालच कमी उरते आणि खड्ड्यांचा धक्का थेट चालकापर्यंत पोहोचतो. पट्टी बदलल्यावर ट्रॅकचा ताण पुन्हा तपासावा.

काही यंत्रांत मागच्या आर्मपाशी कपलर नावाचा ठोकळा असतो. मागचा आर्म एकटाच किती दबू शकतो यावर तो बंधन घालतो. बंधन वाढवले की मागचा भाग कमी बसतो, भाराचे स्थलांतर घटते, आणि खड्ड्यांवर दोन्ही आर्म एकत्र काम करतात. पट्टीने पुरेसा फरक पडला नाही तरच याला हात लावावा. शॉकचे क्लिकर (त्याचा कडकपणा कमीजास्त करणारे खटके) त्याच्याही नंतर, कारण ते भार किती सरकेल यापेक्षा किती झपाट्याने सरकेल हे ठरवतात.

सहावी पायरी : चालकाचे शरीर

आपल्या उदाहरणात चालक एकूण वजनाच्या पावाहून अधिक आहे, आणि जुळणीचे हे साधन चालत्या यंत्रावरही वापरता येते. चालक ४० सेंटीमीटर पुढे सरकला तर स्कीवर २० किलो भार वाढतो. पट्टीच्या एकाददुसऱ्या भोकासाठी तासभर खटपट करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. वळणापूर्वी पुढे सरकावे, ब्रेक सरळ रेषेत लावावा, आणि तो हळूहळू सोडत वळणात शिरावे म्हणजे स्कीवर आलेला भार वळण घेईपर्यंत टिकतो. थ्रॉटल वळणाच्या मध्यानंतर, एकदम न दाबता, वाढवत न्यावा. मात्र स्नोमोबाइलचा ब्रेक फक्त ट्रॅकला थांबवतो, स्कींना नव्हे. ब्रेक लावल्यावर भार ज्या ट्रॅकने थांबायचे त्याच्यावरूनच पुढे निघून जातो. कडक, निसरड्या बर्फावर थांबण्याचे अंतर अनपेक्षितपणे लांबते त्याचे हेही एक कारण आहे, आणि तिथे जोरात ब्रेक लावताना मागे सरकणे शहाणपणाचे.

बाजूला झुकण्याचे महत्त्व समजण्यासाठी यंत्राचा आधार वरून पाहिल्यास कसा दिसतो ते डोळ्यांसमोर आणावे. पुढे तो स्कींइतका रुंद आणि मागे ट्रॅकइतका अरुंद असतो. स्कींमधील अंतर १०७ आणि ट्रॅकची रुंदी ३८ सेंटीमीटर धरली, तर आपल्या उदाहरणातील गुरुत्वमध्यापाशी मध्यरेषेपासून आधाराच्या कडेपर्यंत केवळ २८ सेंटीमीटर उरतात. सस्पेन्शनचा झुकाव सोडून दिला तरी गुरुत्वाकर्षणाच्या ०.४७ पट बाजूच्या जोराला आतली स्की उचलली जाते. चालकाने आपले शरीर २५ सेंटीमीटर आत नेले की ही मर्यादा ०.५८ पटींपर्यंत जाते. गुरुत्वमध्य पुढे असेल तर आधार रुंद मिळतो हेही याच आकृतीवरून दिसते; म्हणजे स्कीवरचा भार केवळ दिशा देत नाही, उलटण्यापासूनही वाचवतो. डोंगरी यंत्रांत स्कींमधील अंतर मुद्दाम कमी, साधारण ९० सेंटीमीटर ठेवलेले असते, कारण तिथे उतारावर यंत्र एका स्कीवर कलवून चालवणे हीच गरज असते.

वेग : पृष्ठभागानुसार वेगळी जुळणी

कडक बर्फावर आणि गोठलेल्या पाण्यावर ट्रॅकची पकड त्याच्यावरच्या भाराबरोबर वाढते, म्हणून सुटताना भार मागे जाणे इष्ट आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. स्की बर्फाला जेमतेम स्पर्श करत असताना जवळजवळ सगळा भार ट्रॅकवर आलेला असतो. त्यापुढे नाक हवेत उचलल्याने पकड वाढत नाही, आणि ते आणखी उठू नये म्हणून चालकाला थ्रॉटल सोडावा लागतो, तेव्हा मिळवलेला वेग हातचा जातो. फोटोला दिमाखदार दिसणारी ती उसळी घड्याळावर तोट्यातच पडते. सरळ धावेची जुळणी करताना पट्टी थोडी लांब ठेवून सुरुवात करावी, आणि स्की चारपाच सेंटीमीटरपेक्षा जास्त उठत असतील तर एकेक भोक आखूड करत यावे. क्लच इंजिनच्या फार वरच्या फेऱ्यांवर, झटक्याने पकडत असेल तर भारही झटक्याने मागे जातो. अशा वेळी दोष सस्पेन्शनमध्ये शोधू नये.

भुसभुशीत बर्फात नियम बदलतो. तिथे पकड ट्रॅकच्या दात्यांमध्ये अडकलेल्या बर्फाच्या ताकदीवर अवलंबून असते, आणि ती ताकद मर्यादित असते. मागच्या आर्मवर भार एकवटला की ट्रॅकचा शेवटचा भाग खड्डा खणतो, नाक आकाशाकडे जाते आणि यंत्र स्वतःच खणलेल्या चरात रुतते. ट्रॅक संपूर्ण लांबीवर सपाट राहून बर्फाच्या वर चढला पाहिजे. म्हणून येथे पट्टी आखूड, मागची बैठक बेताची, चालक उभा आणि पुढे, आणि थ्रॉटल सुरुवातीला संयत, अशी जुळणी ठेवावी. स्कीच्या स्प्रिंगा मात्र मऊच असू द्याव्यात.

वजन कमी करून वेग वाढवू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट उपयोगी आहे. यंत्र चालत असताना ट्रॅकचा बर्फाला टेकलेला भाग स्थिर असतो, तर वरचा भाग यंत्राच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. हिशेब केला तर वेग घेताना ट्रॅकमधील एक किलो सांगाड्यातील दोन किलोंइतका भारी पडतो. तसेच वजन कुठून कमी केले याला महत्त्व आहे. गुरुत्वमध्यापासून एक मीटर दूर असलेले दहा किलो यंत्राला वळताना जेवढा विरोध करतात, त्याच्या अकराव्या हिश्शापेक्षाही कमी विरोध तेच दहा किलो तीस सेंटीमीटरवर आणल्यास होतो. काट्यांवर स्की व ट्रॅकची विभागणी तीच दिसत असूनही एक यंत्र चपळ आणि दुसरे सुस्त का वाटते, याचे उत्तर येथे मिळते.

सामान, सहप्रवासी आणि ओढगाडी

जुळणी एका चालकासाठी केली आणि मग मागे पिशव्या बांधल्या, की ती जुळणी उरत नाही. ट्रॅकवरच्या भाराच्या केंद्रापासून ७० सेंटीमीटर मागे बांधलेले १२ किलो सामान स्कीवरून ५ किलो भार उचलते, शिवाय मागची बैठक वाढवून नाक आणखी वर करते. जड वस्तू आसनाला लागून आणि खाली बांधाव्यात, टोकाला हलक्या. पूर्ण भरलेल्या ४० लिटरच्या टाकीतील पेट्रोल सुमारे ३० किलो भरते, पण टाकी चालकाच्या पुढ्यात, मध्याजवळ असल्याने ते संपत जाताना तोल फारसा बिघडत नाही. यंत्र एकूणच थोडे उंचावते. ओढगाडी जोडल्यावर मागची ओढ लावणाऱ्या आकड्याच्या उंचीप्रमाणे स्कीवरचा भार घटतो. ३० किलोंची ओढ ४० सेंटीमीटर उंचीवर लागत असेल तर सात किलो कमी होतात, आणि चढावर ओढ वाढेल तसे अधिक.

सहप्रवाशाचे वजन जवळजवळ सगळे मागच्या आर्मवर येते. तो बसण्यापूर्वीच मागच्या स्प्रिंगचा ठोकळा कडक स्थितीत फिरवावा, दोघांना बसवून बैठक पुन्हा मोजावी आणि ती पाव ते एक तृतीयांश या मर्यादेत आणावी. पट्टीला किंवा पुढच्या स्प्रिंगला त्यासाठी हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. सहप्रवासी उतरला की ठोकळा तिथल्या तिथे मूळ जागी फिरवावा, कारण रिकाम्या आसनासह तीच कडक स्प्रिंग मागचा भाग उचलून धरते, आणि परतीच्या पहिल्याच खड्ड्यावर त्याची आठवण करून देते.